धाकूची पट्टी

हाडं बसवणाऱ्या धाकूच्या ओसरीवर प्रभावतीचा नंबर पाचवा होता. मांडीवर आईनं सकाळी बांधून दिलेलं भाकरीचं फडकं. पिशवीत पोलिसांना द्यायचा अर्ज आणि बाबांच्या पायावरची पट्टी.

काजूच्या झाडावरून पडलेल्या बाबांचा पाय धाकूनंच बांधला होता. नवव्या दिवशी इस्पितळात नेलं तेव्हा तो गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. बाबा वाचले नाहीत. गाठीनं रक्त अडवलं, डॉक्टर म्हणाले. प्रभावतीनं कापलेली पट्टी मागून घेतली. गाठ अजून तशीच होती. करकचून तीन वेढे, वर उलटा फास.

"त्या मेल्याचे हात झडूंदेत," आई रोज म्हणायची. आज भाकरी बांधतानाही म्हणाली.

धाकू नाकबूल होणार, हे प्रभावतीला ठाऊक होतं. म्हणून तिनं ठरवलं होतं, चारचौघांदेखत त्याच्याकडून हात बांधून घ्यायचा. गाठ गाठीशेजारी ठेवायची. अर्जावर तिनं ठसठशीत लिहिलं होतं, 'गोवा राज्य'. राज्य दोन वर्षांचं होतं, पण कायदा असेलच.

"खंयची गो तू?" धाकूनं विचारलं.

"वाळपईची. मनगट दुखावलंय."

त्यानं शाबूत मनगट चाचपलं. "चीर गेलीय. आठ दिवस सोडू नको. डॉक्टर-बिक्टर काय नको."

प्रभावती मनात हसली. हेही अर्जात जाणार होतं.

पाला, बांबूच्या कामट्या, वर पट्टी. शेवटचं टोक त्यानं वेढ्यात खोचलं आणि हात पुसले.

"गाठ?"

"गाठ कित्याक? सूज आली की पट्टी आपसूक सैल व्हायला हवी. माझ्या बापायनंही कधी मारली नाय."

तिनं ओसरीभर पाहिलं. प्रत्येक पट्टीचं टोक खोचलेलं.

"आणि सुटली तर?"

"परत यायचं."

"परत कोण येतंय, मामा?" शेजारची म्हातारी खिदळली. "पट्टी सैल झाली तर माझ्या घोवानं म्हशीच्या दाव्यानं आवळला माझा पाय! माया हो!"

सगळे हसले. प्रभावतीनं पिशवी जवळ ओढली.

"तोंड उतरलंय गो बाय," धाकू म्हणाला. "भाकरी खा, मग जा."

तिनं फडकं पुढं ओढलं. एका हातानं ते सुटेना. करकचून तीन वेढे, वर उलटा फास.