भिंतीवरचा पाठिंबा

नेरूळमध्ये महापालिकेच्या पहिल्याच निवडणुकीची धामधूम होती आणि वसुधाताईंचा प्रबंध उद्या बाइंडिंगला जायचा होता. प्राचीन रोमन शहरांत भिंतींवर रंगवलेल्या उमेदवारांच्या नावांखाली धोबी, पाववाले, खानावळवाल्या बायका पाठिंबा म्हणून 'स्वखुशीने' आपली नावं घालत, असं त्यांनी त्यात ठासून लिहिलं होतं. कॉलेजातून परतल्या, तर सोसायटीच्या भिंतीवर गावठाणातल्या उमेदवाराच्या नावाखाली ओली अक्षरं चमकत होती: 'पाठिंबा: प्रा. वसुधा मिठबावकर'. ब्रश धुणाऱ्या पेंटरला त्यांनी हटकलं. "मला विचारलं कोणी?" "यादीत हाय, मॅडम," पेंटर म्हणाला. "पुसा आधी." "पुसतो की. पन दादांनी इचारलं, कोनी पुसायला लावलं, तर काय सांगू?" समोर उभ्या प्रचाराच्या जीपमधले दोघे त्यांच्याकडेच बघत होते. "राहू दे," म्हणत वसुधाताई जिना चढल्या. घरात येऊन कडी लावली आणि प्रबंधातला 'स्वखुशीने' शोधून शोधून खोडू लागल्या.