गोठ्याची दोन कुलपं

आत म्हैस रेकत होती आणि गोठ्याच्या दाराला दोन कुलपं होती. एक भुजंगचं, एक काकासाहेबाचं. दोघांची थोरली बहीण सोनूबाई चरवी हातात घेऊन बाहेर उभी होती.

म्हैस त्यांच्या मेलेल्या भावाची, रामप्रसादची. कालच त्याची तेरवी झाली. बायको-लेकरू नव्हतं, मृत्युपत्रही नव्हतं. भावंडांत कशाला कागद, म्हणायचा. पंगत उठते न उठते तोच, आतली कडबाकुट्टी अन् मोटर कोणी हलवू नये म्हणून काकासाहेबानं कुलूप ठोकलं. ते पाहून भुजंगनं त्याच्या शेजारी आपलं घातलं. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागेपर्यंत रामप्रसादची काडीसुद्धा इकडची तिकडं करायची नाही, असं दोघांनी एकमेकांना बजावलं. आत दुभतं जनावर आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आधी दुसऱ्यानं उघडावं, असं दोघांनाही वाटत होतं.

काल संध्याकाळची धार चुकली. आज सकाळचीही चुकली.

सोनूबाईनं हाका मारून भुजंगला आणलं. त्यानं मुकाट्यानं आपलं कुलूप काढलं आणि हाताची घडी घालून बाजूला झाला. काकासाहेब सकाळीच भोकरदनला वकिलाकडं गेलेला. त्याला फोन लावला, तर मी आल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, एवढं बोलून त्यानं ठेवून दिला. मग ती पोलीस पाटलाच्या घरी गेली. पाटलांनी चहा पाजला, हळहळले. मृत्युपत्र नसलं की सगळे वारस बरोबरीचे, म्हणाले. आज मी कुलूप तोडलं तर उद्या केसमध्ये माझंच नाव.

ती परत आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. म्हशीचं रेकणं थांबलं होतं. रेकण्यापेक्षा ते थांबणंच सोनूबाईला सोसवेना. तिनं चरवी खाली ठेवली आणि शेजाऱ्याची पहार मागून आणली.

"आक्का, केस होईल बरं," भुजंग म्हणाला.

"होऊ दे."

तिसऱ्या की चौथ्या घावाला कोयंडा उखडला. आत म्हैस पाय फाकवून उभी होती. कास दगडासारखी टणक झालेली, हात लागला की लाथ झाडायची. सोनूबाईनं कोमट पाण्यानं शेकलं, पाठीवरून हात फिरवला, रामप्रसाद बोलायचा तसं काहीबाही बोलत राहिली. हळूहळू तीन सडांतून दूध आलं. चौथ्यातून नुसतं रक्ताळलेलं पाणी आणि गाठी.

तेवढ्यात काकासाहेबाची मोटारसायकल वाजली. तो आत आला. आधी कडबाकुट्टी पाहिली, मग मोटर. दोन्ही जागेवर होत्या. मग तो बहिणीकडं वळला.

"आक्का, तू तं हक्कसोड लिहून देऊन राह्यली. मंग कुलूप तोडायचं तुला काय पडलं?"

खोटं नव्हतं ते. भावाभावांत भांडण नको म्हणून आपला हिस्सा सोडायला तिनंच काल सगळ्यांसमोर होकार दिला होता. राजूरला तिच्या घरी तिला काही कमी नव्हतं.

तिनं धार थांबवली नाही.

"देणार होते. वाटलं, तुम्ही त्याचं सांभाळून ठेवताल. आता न्हाई देत."

भुजंगनं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरची गाडी बंद पडलेली. कोणी घ्यायला आलं तर लगेच निघतो, म्हणाले. आजच इलाज झाला नाही तर तो सड कायमचा जाईल, असंही म्हणाले.

"जा रे एक जण, घेऊन या त्यांना," सोनूबाई म्हणाली.

भुजंगनं काकासाहेबाकडं पाहिलं. काकासाहेबानं भुजंगकडं पाहिलं. दोघांच्याही गाड्या बाहेर उभ्या होत्या, किल्ल्या खिशात होत्या. पण दोघंही जागचे हलले नाहीत. गोठ्याचं दार सताड उघडं होतं, आणि आत कडबाकुट्टी अन् मोटर.