ओढ्याचं नाव

विजयलक्ष्मीनं ती पाणी गाळून प्यायची निळी नळी दोन बोटांत धरून उचलली, मेलेलं झुरळ उचलावं तशी, आणि टेबलाच्या पार कडेला नेऊन ठेवली.

"ही नाही," ती म्हणाली.

टेबलावर आणखी तीन वस्तू होत्या. क्लोरीनच्या गोळ्यांचं पाकीट, पाण्यात बुडवून दिवा लावला की जंतू मारणारी एक कांडी, आणि मुठीत मावेल एवढा गॅसचा स्टोव्ह. तिची लेक भव्या उद्या पहाटे डोंगरात निघणार होती. विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन, चांगले पाच दिवस. आणि डोंगर कुठला, तर दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ सुब्बा जिथून आजारी होऊन परतला आणि आठवड्याच्या आत गेला, तोच. ओढ्याच्या घाण पाण्यानं गेला. एवढं होऊनही पोरगी ऐकेना. शेवटी विजयलक्ष्मीनं एकच अट घातली. जायचं तर जा, पण तिथं पाणी कसं प्यायचं ते मी ठरवणार.

ठरवायचं काय, तिचं ठरलेलंच होतं. पाणी खळाखळा उकळायचं, दहा मिनिटं. भव्या म्हणे, अम्मा, गॅस संपतो, सुब्बाचाही दुसऱ्याच दिवशी संपला होता. बरं, मग गोळ्या. गोळी टाकून अर्धा तास थांबावं लागतं. थांब की मग, कुठं आग लागलीय? पण नळी नाही म्हणजे नाही. तंजावरहून चेन्नईतल्या मांबलमला येऊन या घराण्याच्या तीन पिढ्या झाल्या. मराठीत तमिळ इतकं कालवलं गेलं की कुठलं काय ते कळेनासं झालं, पण पेल्याला ओठ कुणी लावला नाही. पाणी वरून ओतूनच प्यायचं. या घरात उष्टं असं कुणी म्हणतच नसे. त्याला तमिळ शब्द होता, एच्चिल, आणि तो विजयलक्ष्मीनं पोरांच्या कानांवर देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घातला होता. एच्चिल करू नको. कुणाचं एच्चिल पिऊ नको. आणि नळी म्हणजे तर तोंडात धरून चोखायची वस्तू. शी!

दारावरची बेल वाजली. भव्यानं अरुणला बोलावलं होतं आणि आईला मुद्दामच सांगितलं नव्हतं.

अरुण म्हणजे सुब्बाच्या ऑफिसातला मित्र, मूळचा सांगलीकडचा. त्या डोंगरात दोघंच गेले होते, आणि हा मात्र धडधाकट राहिला. तेराव्याला आला तेव्हा विजयलक्ष्मीनं चारचौघांत विचारलं होतं, तुझ्याजवळ ती नळी होती ना रे? त्यानं मान खाली घातली आणि निघून गेला. महिन्याभरात बदली घेऊन पुण्यालाच गेला. मान खाली घालतो तो चोर, असं तिनं मनाशी धरलं ते धरलं. आपण नळी चोखत बसला आणि माझ्या लेकराला ओढ्यावर सोडलं. खरं सांगायचं तर दोन वर्षं ती या रागावरच तगून होती.

कामासाठी चेन्नईला आलेला तो आता तिच्यासमोर बसला होता. घरी आलेल्याला पाणी द्यावंच लागतं, म्हणून तिनं पेला पुढं सरकवला. त्यानं सरळ ओठ लावून अर्धा पेला संपवला. हा पेला वेगळा घासायचा, तिनं मनात म्हटलं.

भव्या विचारत गेली तसं तो सांगत गेला. तिथलं पाणी गढूळ असतं, कांडीचा काही उपयोग नाही. गोळ्या जवळ असू द्याव्यात. पण घसा कोरडा पडला की अर्धा तास कुणी थांबत नाही, तेव्हा नळी हवीच.

"तुझ्यापाशी होतीच की नळी," विजयलक्ष्मी म्हणाली. "माझ्या पोराला का नाही दिलीस?"

या वेळी अरुणनं मान खाली घातली नाही.

"दिली होती, काकू. दोनदा दिली. त्या नळीतून दुसऱ्याच्या बाटलीत पाणी काढता येत नाही, तोंड लावूनच ओढावं लागतं. म्हणून नीट पुसून दिली. तो हसला, एकच शब्द बोलला आणि ओढ्यावर ओणवा झाला. मी तेव्हा चेन्नईत नवा. मला वाटलं, ओढ्याचं नाव सांगतोय. माहितीतला असेल, पाणी चांगलं असेल, म्हणून पितोय. मी अडवलं नाही, ती माझी चूक." त्यानं पेला थोडा पुढं सरकवला. "एच्चिल. मी नंतर खूप शोधला तो ओढा. कुठल्या नकाशात सापडला नाही."

पलीकडच्या फ्लॅटमध्ये मिक्सर सुरू झाला आणि बंद पडला. भव्यानं आईकडे बघितलं नाही.

ज्याला दोन वर्षं शिव्याशाप दिले तो समोर बसला होता, आणि ज्या तोंडानं दिले त्याच तोंडानं विजयलक्ष्मीनं सुब्बाला दुधाच्या दातांपासून तो शब्द पढवला होता. किती गुणाचं पोर. मरणाची तहान लागली तरी आईचा शब्द मोडला नाही. मोडायचा होतास रे, तिला वाटलं, एकदा तरी मोडायचा होतास.

ती उठली. टेबलाच्या कडेची नळी तिनं घेतली, अरुणच्या अर्ध्या पेल्यात बुडवली आणि वरचं टोक तोंडात धरलं. पाणी सहज येईना. डोळे मिटून, गाल आत ओढून जोर लावला तेव्हा कुठं घोटभर आलं. ते तिनं गिळलं. मग ते ओलं टोक पदराला न पुसता तिनं भव्यापुढं धरलं.

"माझं एच्चिल आहे," ती म्हणाली. "पी."