उतरणारी सूज

आजोबांचा घोटा मुरगळला, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी टेप कशी बांधायची ते घरी येऊन नीट दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून आजोबांनी सुनेला पायाला हातच लावू दिला नाही. "माझा पाय, माझी टेप!" त्यांच्या मधुमेहापायी तिने गोडाच्या कपाटाला आधीच कुलूप ठोकलेलं, त्यात हा नवा हट्ट.

आठवड्याने बाई पुन्हा आल्या, तर घोटा टम्म फुगलेला.

"कमाल आहे! सूज वाढते तरी कधी?"

"सकाळी यांचे मित्र बघायला येऊन गेले, की वाढते," सून काकुळतीने म्हणाली. "संध्याकाळपर्यंत आपोआप उतरते."

"उतरते ना? मग झालं तर!" म्हणत आजोबांनी पाय आखडून घेतला. बाईंनी मात्र कात्री चालवलीच.



सूज टपटप फरशीवर पडली: पाच चॉकलेटं आणि तीन रिकामे कागद.