भुरीबाईची लाह

भुरीबाईने टोपलीवरचं फडकं उचललं. आत कळण्याच्या ऊन ऊन भाकरी होत्या, शेजारच्या तपेल्यात उडदाची दाळ. तिने फडकं पुन्हा नीट झाकलं आणि टोपली कमलबाईकडे सरकवली.

"पाटलीनबाई, हाई घर लई जा," ती म्हणाली.

भिंतींचे कूड विणणारे, चिखल तुडवणारे, वाशांवर बसलेले, सगळे जागच्या जागी थांबले. लिंबाखाली उभ्या असलेल्या हिलाल पाटलाचा चेहरा तर कोणी तोंडात मारल्यासारखा झाला. का होऊ नये? जागा त्याची होती. श्रावणात तापी चढली आणि काठावरच्या भिल्लांच्या झोपड्या कोंबड्यांच्या खुराड्यांसकट घेऊन गेली, तेव्हा उंचवट्यावरचा हा तुकडा त्यानेच त्यांना कायमचा देऊन टाकला होता. कौलं चुनीलाल शेठने दिली, कारण लढाई लागल्यापासून पत्रा नजरेलाही पडत नव्हता. बांबू आणि सागाच्या मेढी घेऊन भुरीबाईचा भाऊ जान्या सातपुड्यातून अख्खी वस्तीच उतरवून आला होता. गाव करी ते राव न करी म्हणतात. इथे तर गाव आणि डोंगर दोघंही कामाला लागले होते. सहा घरं उभी राहायची होती, त्यातलं पहिलं भुरीबाईचं.

आणि हीच बाई दारी आलेलं अन्न परत पाठवत होती.

आता तिचीही बाजू ऐकायला हवी. डोंगरात घर असंच बांधतात, त्याला लाह म्हणतात. सगळी वस्ती राबते, मजुरी कोणी घेत नाही. ज्याचं घर तो जेवू घालतो आणि उद्या दुसऱ्याचं घर निघालं की तिथे राबायला जातो. नियम एवढाच, पण पक्का: लाहेला ज्याने जेवू घातलं, घर त्याचं. हिलाल पाटलाला हे कुठून ठाऊक असणार? एकटी बाई, घरात चार दाणे नसतील, अशा भल्या मनाने त्याने बायकोला रांधायला सांगितलं होतं. पण भुरीबाईचा जन्म लोकांच्या वळचणीला गेलेला. नवरा पाटलाचा सालदार होता तोवर गोठ्याशेजारची खोली होती. तो वारला, नवा सालदार आला, खोली गेली. कोणी रागाने हाकललं नव्हतं. खोली पाटलाची होती, एवढंच. मग नदीकाठची झोपडी, ती नदीने नेली. ज्यातून कोणी ऊठ म्हणणार नाही असं एक घर तिला मरायच्या आधी हवं होतं. आज ते छपरापर्यंत आलं होतं, आणि एका टोपलीपायी पुन्हा पाटलाचं व्हायच्या बेतात होतं.

"काबरं वं भुरी?" कमलबाई म्हणाली. "मन्ही भाकर गोड नही लागस का तुले?"

या बाईच्या शेतात भुरीबाईने उमर काढली होती, वर मान करून बोलायची सवयच नव्हती. तरी ती बोलली.

"तुमनी भाकर खादी तर हाई घर तुमनं व्हई जाई. माले मन्हं घर पाहिजे."

"घर तुन्हंच शे ना," हिलाल पाटील पुढे येत म्हणाला. "मी आखा गावम्होरे सांगेल शे."

जान्याने वाशांवरूनच मान हलवली. बोललेलं वारा नेतो, खाल्लेलं पोटात राहतं, असं काहीसं तो आपल्या बोलीत म्हणाला आणि खाली उतरला. मागोमाग डोंगरातली माणसं हातातलं काम ठेवू लागली; घरधनीण जेवू घालत नाही तोवर लाह पुढे सरकत नाही. होळी होऊन गेली होती, वर मोहाची फुलं गळायला लागली होती, ती वेचायला सगळ्यांना परतायचं होतं. माणसं एकदा गेली की इतक्यात परत येणार नव्हती, आणि बिनछपराचं घर पहिल्या पावसातच बसलं असतं.

"मंग तू घाल ना जेवाले," कमलबाई म्हणाली.

भुरीबाईने मान खाली घातली. पहाटे उठून तिने होती नव्हती ती ज्वारी शिजवून आंबील केली होती. पण ती इतकी पातळ झाली की लाज वाटून तिने मडकं मेढीमागे लपवून ठेवलं होतं. आता ते तिने बाहेर आणलं, पळसाचे द्रोण घेतले आणि कोणाकडे न बघता पहिला द्रोण भरला. तो ती भावाला देणार, तोच कमलबाई चिखलातच बसली आणि तिने हात पुढे केला.

पाटलाच्या घरच्या बाईने भिल्लिणीच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे त्या गावात पोरीबाळींना वेगळं शिकवावं लागत नसे. हिलाल पाटील मोठ्याने खाकरला. कमलबाईने द्रोण तोंडाला लावला, तळापर्यंत प्याली आणि पदराने ओठ पुसले. भुरीबाईचे डोळे भरून आले. ते तिने पुसलेही नाहीत.

मग जान्या बसला, त्याच्यामागे सगळी पंगत बसली. प्रत्येकाला दोन घोट आले असतील नसतील. पण घरधनिणीचं अन्न एकदा पोटात गेलं की वर कोणाचीही भाकर चालते, आणि डोंगर उतरून आलेल्या माणसांनी पाटलाच्या टोपल्या बघता बघता रिकाम्या केल्या. हिलाल पाटील मात्र लिंबाखाली परत जाऊन उभा राहिला. त्याला जरा वेळ लागणार होता.

माणसं वाशांवर चढली. कमलबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, बाह्या वर सारल्या आणि चिखलाच्या आळ्यात हात घातले.

"लाहनी आंबील पी लिधी, आते राबनं पडी," ती म्हणाली. "सांगा भुरीबाई, मन्हा वाटाले कोनता कूड?"