पुढे घ्या

"पुढे घ्या," समीक्षक म्हणाले.

तंत्रज्ञ बाईने टेप पुढे घेतली. कवीचा आवाज चिरकत पळाला. सकाळपासून हेच चाललं होतं. प्रत्येक कवितेआधी कवी घसा खाकरून चार शब्द बोलत, आणि त्यांनी तोंड उघडलं रे उघडलं की समीक्षकांचं बोट वर जाई. ध्वनिसंग्रहात त्यांचं नावच 'पुढेघ्या सर' पडलं होतं.

"सर, थोडं ऐकू या ना. काय म्हणतात ते तरी..."

"बाई, कॉलेजात ते आम्हाला शिकवायचे, मी त्यांच्याच वर्गात होतो. ती बडबड ऐकून माझे कान किटलेत. कविता तेवढी लावा."

बाईने कविता लावली. महिनाभर हा माणूस तिच्या डोक्यावर बसला होता. खुर्ची टोचते. पंखा कुरकुरतो. हेडफोनला वास येतो. पण त्यांच्यावाचून अडत होतं. कवीच्या समग्र कवितांचे संपादक तेच, कवीवरचे जाडजूड ग्रंथही त्यांचेच. स्वतः मात्र ते कवितेच्या वाटेला कधी गेले नव्हते. ते 'हो' म्हणतील तेवढ्याच कविता लोकांना ऐकायला मिळणार होत्या.

ही शेवटची टेप. कित्येक वर्षांपूर्वी ती भरली आणि कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली. सुट्टी संपायच्या आत कवी वारले.

टेपवर पुन्हा खाकरणं. पुन्हा बोट.

"पुढे घ्या."

कविता सुरू झाली. एक माणूस आपल्याच घराच्या बंद दारापुढे उभा राहून हाका मारतोय. एरवी खणखणीत वाचणारे कवी ही मात्र जपून वाचत होते, शेजाऱ्याचं काचेचं भांडं उचलावं तसं.

"किल्ली माझ्याच खिशात होती,
आणि मी दार वाजवत राहिलो."

बाईच्या अंगावर काटा आला. तिने हेडफोन बाजूला ठेवून समग्र कवितांचं पुस्तक पुढे ओढलं, अनुक्रमणिकेवरून दोनदा बोट फिरवलं.

"सर, ही तर कुठेच छापलेली नाही! नवी कविता सापडली की!"

समीक्षकांनीही हेडफोन काढला. "ही त्यांची नाही."

"आवाज त्यांचाच आहे."

"आवाज असेल. कविता नाही. बाद करा."

"मग कुणाची आहे?"

"कुणाची का असेना! कच्ची आहे. पोरकट आहे. लोकांपुढे जाता कामा नये."

"अख्ख्या महिन्यात इतकी चांगली कविता ऐकली नाही मी."

"तुम्हाला कवितेतलं काय कळतं?"

ते ताडकन उठले. हेडफोनची वायर त्यांच्या पायात अडकली आणि यंत्रातून निघून आली.

आता मात्र बाईचा तोल गेला.

"कळतं ना. इतके ग्रंथ लिहिलेत आणि ही एक तुमच्या हातून सुटली. ते कबूल करायला जड जातंय तुम्हाला. म्हणून ती बाद!"

"बाई, तोंड सांभाळा."

"महिनाभर सांभाळलंच की. आता त्यांनाच विचारू, कविता त्यांची आहे की नाही." तिने टेप मागे घेतली.

"मागे नको." समीक्षकांचा आवाज एकदम बारीक झाला. "पुढे घ्या. बाई, ऐका माझं. पुढे घ्या."

"आज नाही, सर."

वायर निघाल्यामुळे आवाज आता खोलीभर आला. कवीने घसा खाकरला.

"ही माझी नव्हे. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आहे. त्याने ती माझ्या हातात दिली. वाचली, आणि मला बोलताच येईना. तसाच वर्गाबाहेर निघून गेलो. त्याला वाटलं असेल, सरांना आवडली नाही. वेडा आहे! सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी त्याला गाठून सांगणार आहे, बाबा रे, बाकी सगळं सोड आणि कविता लिही."