तोंड नितळ होईपर्यंत

"सगळा पेला संपव," आण्णा म्हणाले. "तळाला ठेवायचं न्हाय."

प्रियदर्शनीनं पिवळी गोळी जिभेवर ठेवली आणि म्हशीचं गरम दूध घटाघटा पिऊन टाकलं. आण्णांनी रिकामा पेला हातात घेऊन आत डोकावून बघितलं आणि मगच ते गोठ्याकडे गेले.

"पोटात आग पडतीया गं, आई."

शालूबाईनं नवऱ्याच्या पाठीकडं बघत दुधाचं पातेलं विसळायला घेतलं. तीन महिने सकाळ-संध्याकाळ हेच चाललं होतं आणि पोरीच्या गालावरचे फोड काही बसत नव्हते. एक सुकला की दोन नवे यायचे, लालभडक, पू भरलेले. पोरगी कॉलेजला तोंडाला स्कार्फ बांधून जायची. आता आता तर घरी आल्यावरसुद्धा सोडायची नाही.

खरं सांगायचं तर शालूबाईला भीती फोडांची नव्हतीच. ते जातील याची होती. "तोंड नितळ झालं की पोरगी उजवायची," असं सासूनं, झुंबरबाईनं, ठरवून टाकलं होतं आणि आण्णांनी मान हलवली होती. आईपुढं त्यांनी जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं. जयसिंगपूरचं स्थळ दोनदा येऊन गेलं. "पोरगी चांगली हाय, तोंडाचं तेवढं बघा, मग बोलू," म्हणून चहा पिऊन गेलं. पोरगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होती, पण ते विचारतो कोण?

थोरल्या मोनाचं असंच झालं होतं. लोण्यासारखा चेहरा, एका बघण्यात पसंत. स्थळ आण्णांनीच आणलं होतं. तेरा महिन्यांनी सासरहून निरोप आला, विहिरीवर पाय घसरला म्हणून. पोरीला आंघोळ घालताना दंडावरचे वळ शालूबाईनं आपल्या डोळ्यांनी बघितले होते. पुढं काहीच झालं नाही. आण्णा त्या दिवशीही गप्पच होते. धारेची वेळ झाली तसे बादली घेऊन गोठ्यात गेले. त्याबद्दल शालूबाईनं त्यांना अजून माफ केलेलं नव्हतं. भिंतीवरच्या मोनाच्या फोटोला हार तीच घालायची. ते तिकडं मान वर करून बघायचे नाहीत.

आणि आता धाकटीच्या तोंडाला औषध आणायलाही हाच माणूस पुढं. पहिल्यांदा कोल्हापूरला दवाखान्यात तेच घेऊन गेले. पोरीला शेजारच्या खोलीत चेहऱ्याचे फोटो काढायला नेलं, तेवढ्यात डॉक्टरांशी यांचं बोलणं झालं. घरी येऊन म्हणाले, "गोळी दुधासंगंच द्यायची. मोठा पेला भरून. नुसती दिली तर पोट जाळती." चिठ्ठीची घडी बंडीच्या खिशात गेली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. गोळ्या तेच आणायचे. ज्या माणसाला साधा चहा करता येत नव्हता, तो दोन्ही वेळा स्वतः गॅसपुढं उभा राहून दूध तापवायचा.

एवढी काळजी थोरलीची केली असती तर! शालूबाईच्या अगदी ओठावर यायचं आणि ती गिळून टाकायची.

जयसिंगपूरवाले रविवारी पुन्हा येतो म्हणाले, तशी झुंबरबाई कडाडली.

"तीन म्हैनं झालं, फरक कुठं हाय? उद्याच्या उद्या डॉक्टरकडं न्या तिला."

"सोमवारी न्हेतो की मी," आण्णा म्हणाले. "म्हैस व्यायला झालीया."

"सोमवारी न्हिऊन काय करतोस? तू बघ म्हशीकडं. शालू जाईल."

आण्णा उठले आणि परत बसले. दुसऱ्या दिवशी मायलेकी निघाल्या तेव्हा शेणाच्या हातानं ते फाटकापर्यंत मागं आले.

"डॉक्टरशी लई बोलत बसू नको. गोळ्या घे आन ये."

"मला काय बोलाय येत न्हाय व्हय?" शालूबाई फणकारली आणि एसटीला हात केला.

दवाखाना मंगळवार पेठेत होता. डॉक्टर आफशीन वयानं लहानच होती. तिनं प्रियदर्शनीचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आतापर्यंत निम्मे तरी जायला हवे होते. गोळी चुकते का मध्ये?"

"एकबी चुकली न्हाय," प्रियदर्शनी म्हणाली. "आण्णा सोता हुबं ऱ्हात्यात समोर."

"आणि दूध लांब ठेवता ना? दुधाबरोबर ही गोळी अंगी लागत नाही, नुसती वाया जाते."

शालूबाईच्या डोक्यात तिडीक गेली. काय हा माणूस! एवढं साधं विचारून घेता येऊ नये? तीन महिने पोरीचं पोट जळालं ते फुकटच. आज घरी गेल्यावर सासूसमोर, सगळ्यांसमोर बोलायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

"डॉक्टर, आमी तर—" प्रियदर्शनीनं तोंड उघडलं.

डॉक्टरांचं लक्ष कागदात होतं. "तसं मी वडिलांना पहिल्याच दिवशी सांगितलंय म्हणा. चांगले लक्षात आहेत ते माझ्या. त्यांनीच मला उलट विचारलं, दुधासंगं दिली तर काय हुतंय? मी म्हटलं, गुण येणार नाही. तर म्हणाले, 'नक्की येणार न्हाय न्हवं? आन पोरीच्या जिवाला काय धोका न्हाय न्हवं?' दोन-दोनदा विचारून घेतलं."

प्रियदर्शनी आईकडे बघत राहिली. डॉक्टरांनी पेन उचललं.

"लिहून घेते. गोळी कशाबरोबर देता?"

शालूबाईनं टेबलाखाली पोरीचा हात घट्ट धरला.

"पाण्यासंगंच देतो की," ती म्हणाली.